प्रतिसाद: फायरवाल्यांनी संप करावा का?
वर काकांनी लिहिलंय की आग विझवणाऱ्यांनी संप करणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ, आणि ब्रिटनच्या २००२ च्या संपाचा दाखला दिलाय. पण काका, पूर्ण सांगा ना. तिकडे पगार वर्षाला साडेएकवीस हजार पौंडांच्या आसपास होता, युनियननं तीस हजार मागितले, म्हणजे जवळजवळ ४० टक्के वाढ, एवढी एकदम कोण देणार, मलाही ते जास्तच वाटतं. पण ब्लेअर सरकारनं केलं काय, तर सैनिकांना १९५० च्या दशकातल्या जुनाट हिरव्या गाड्या देऊन आगीवर पाठवलं! आणि जिवावरचा कॉल आला तेव्हा संपातलेही काही जण धावले होतेच. शेवटी २००३ मधे तीन वर्षांत मिळून १६ टक्क्यांवर मिटलं, तेही कामाच्या पद्धती बदलायच्या अटीवर.

आता आपलं बडोदं बघा. दांडिया बाजारच्या फायर स्टेशनातून गाड्या काय नुसत्या आगीलाच जातात का, ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदी घराघरात शिरली तेव्हा एनडीआरएफ, आर्मीबरोबर आपले फायरवालेही पाण्यात होतेच, आणि त्या पाण्यात मगरी (हे बडोदेकराला काय सांगायचं), शिवाय उत्तरायणात (म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत) मांज्यात अडकलेलं कबूतर काढायलाही हेच. पगाराचं नाव काढलं की मात्र लगेच सेवाभाव! सेवाभावावर दूधवाला दूध देत नाही हो.

माझं मत विचाराल तर जीव वाचवायच्या कॉलला संपातही जायचंच, पण मग पगाराचा वाद ठरलेल्या मुदतीत लवादाकडून सुटलाच पाहिजे, नुसती संपबंदी घालून गप्प बसवणं मला पटत नाही.