स्वतंत्र चित्रकार, डिझायनर आणि छायाचित्रकार यांचे काम शोधावे कसे?

रेषा_कोथरूड:
नमस्कार. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे आणि मांडणी करते. नवे काही पाहावे म्हणून इन्स्टाग्राम उघडावे, तर तेच रंग, तीच गोलसर माणसे आणि त्याच वळणाची अक्षरे समोर येतात. पिंटरेस्टवर तर चित्र असते, पण ते काढणाऱ्याचे नाव बरेचदा नसते. कुठल्याही कंपनीत नोकरी न करता स्वतःच्या बळावर काम करणाऱ्या कलावंतांपर्यंत आपण कसे पोहोचता? पुण्यात प्रत्यक्ष पाहता येण्याजोगे काही असल्यास कृपया तेही सांगावे.

जुना_वाचक:
मी आधी नाव शोधतो आणि मग चित्र. पुस्तक हाती आले की प्रकाशक-मुद्रकांची माहिती असलेले पान पाहावे. तिथे बारीक टायपात 'मुखपृष्ठ व आतील चित्रे' अशी ओळ असते. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत उभ्या उभ्या पाच-दहा नावे टिपून होतात, आणि दिवाळी अंकांच्या दिवसांत त्याहूनही अधिक, कारण एकाच अंकात निरनिराळ्या कथांना निरनिराळ्या हातांची चित्रे असतात. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आपल्याला ठाऊक असतीलच. पण अशा सुपरिचित नावांच्या शेजारीच कधी न ऐकलेली नावे सापडतात, आणि शोध खरा तिथून सुरू होतो.

रद्दीच्या दुकानात मला एकदा दीनानाथ दलाल (1916–1971) यांचे मुखपृष्ठ असलेला 'दीपावली'चा अंक मिळाला. भिंगाखाली धरल्यावर गालावरची गुलाबी छटा सुट्या ठिपक्यांत विरघळली आणि पदराच्या काठाशी पिवळा रंग रेषेबाहेर केसभर सरकलेला दिसला. छापखान्यात रंग असा सरकू शकतो हे जाणूनच बाह्यरेषा जाड ठेवली असावी, असे तेव्हा वाटले. मोबाइलवर तेच चित्र मी कितीदा तरी पाहिले होते, पण हा विचार मनात आला नव्हता.

छाया_प्रकाश:
छायाचित्रांबद्दल एवढेच सांगतो, की ती कागदावर पाहावीत. बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन, घोले रस्त्यावरचे राजा रविवर्मा कलादालन आणि शनिवार पेठेतले सुदर्शन कलादालन इथे काय लागले आहे याची चौकशी करत राहावी. मात्र उद्घाटनाच्या संध्याकाळी न जाता आडवारी दुपारी जावे. दालन रिकामे असते, कलावंत स्वतः बसलेला असतो आणि मनापासून बोलतो. अशाच एका दुपारी एका तरुण छायाचित्रकाराने मला पालखीच्या दिवशी घेतलेल्या फिल्मची काँटॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या चौकटी छोट्या आकारात एकत्र छापलेला कागद, दाखवली होती. 36 चौकटींपैकी एकीवरच लाल पेन्सिलची खूण होती. ती चौकट का निवडली, असे विचारल्यावर तो म्हणाला, की बाकी सगळ्यांत वारकरी कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. त्या एका वाक्याने मी छायाचित्रे निवडण्याची माझी पद्धत बदलली.

अक्षरवेडी:
वरील दोन्ही उत्तरे पटली, तरी इंटरनेट अगदीच सोडू नये. ड्रिबल आणि बिहान्स ही कलावंतांनी आपले काम मांडण्याची संकेतस्थळे आहेत. ड्रिबलवर सुरुवातीच्या काळात 400 बाय 300 पिक्सेलची चौकट मिळत असे, त्यामुळे कामाचा एखादा तुकडाच दिसे. 2005 साली सुरू झालेल्या बिहान्सवर मात्र कच्च्या आराखड्यापासून अंतिम कामापर्यंतचा प्रवास एकाच पानावर मांडता येतो, आणि शिकण्यासारखे असते ते त्या कच्च्या आराखड्यांतच. एखाद्याचे काम आवडले, की त्याने स्वतः कोणाच्या कामाला दाद दिली आहे ते पाहावे; दोन-तीन पायऱ्यांतच आपण अनोळखी प्रदेशात पोहोचतो. आणि नाव नसलेले चित्र आवडले, तर ते जपून ठेवण्याआधी गूगल लेन्सने त्याचे मूळ शोधावे.

रेषा_कोथरूड:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज दुपारी मी घरातल्या मुलांच्या पुस्तकांची ती माहितीची पाने उघडून पाहिली. 22 पुस्तकांपैकी 7 पुस्तकांत चित्रकाराचे नाव कुठेही नाही, आणि त्यांतल्या दोन पुस्तकांची मांडणी मी स्वतः केलेली आहे. पुढच्या आवृत्तीत ती ओळ घालावी, अशी विनंती करणारे पत्र प्रकाशकांना आत्ताच पाठवले आहे.