नीट किंवा सीईटी पुन्हा दिलेल्यांचे अनुभव

प्रश्न (सातारा):
मी यंदा नीट दुसऱ्यांदा दिली. मागच्या वेळी भौतिकशास्त्रात अडकून पडल्यामुळे जीवशास्त्राला, म्हणजे ७२० पैकी ३६० गुणांना, पुरेसा वेळ उरला नव्हता. या वेळी सुरुवातच जीवशास्त्राने केली आणि १८० मिनिटे पुरली. आपल्याला कशाचा उपयोग झाला?

उत्तर (सांगली):
माझे नुकसान घाईने झाले होते. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकल्यास १ जातो, हे ठाऊक असूनही मी अंदाजाने उत्तरे देत सुटले होते. वर्षभर प्रत्येक सराव परीक्षेतला चुकलेला प्रश्न दोनशे पानी वहीत उतरवला आणि त्यापुढे लाल शाईने कारण लिहिले. ‘प्रश्न अर्धाच वाचला’ हेच कारण पानोपानी दिसू लागले, तेव्हा फार वाईट वाटले. पण ‘अयोग्य विधान कोणते’ यातला ‘अयोग्य’ अधोरेखित करण्याची सवय तिथूनच लागली.

उत्तर (मिरज):
मी सीईटी पुन्हा दिली. तिथे चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडला नाही. अकरावीच्या अभ्यासक्रमावर सुमारे २० टक्के प्रश्न असतात. पहिल्या वेळी त्याकडे केलेले दुर्लक्ष महागात पडले होते.

प्रश्नकर्ता:
वहीची पद्धत धाकट्या भावाला आजच सांगतो. तो यंदा बारावीला आहे.