मदत हवी आहे: वजनाच्या ऑपरेशनआधी पीएफटी (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) पुन्हा का करायची?

उंबरठा:
लवकर उत्तर हवंय. बेरिएट्रिकची, म्हणजे वजन कमी करायच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती, पण पीएफटीचा रिपोर्ट बघून छातीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनसाठीचा फिटनेसचा कागद अडवून ठेवलाय. पुन्हा पीएफटी करा म्हणतात, वर झोपेची तपासणी. अहो, वजनामुळे धाप लागते म्हणून तर ऑपरेशन करतेय! वजन उतरलं की धाप जाईलच ना? नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि ती बाई "फुंका, अजून, अजून, थांबू नका" म्हणून ओरडतेय, डोळ्यांपुढे अंधारी आली माझ्या. दुसऱ्या डॉक्टरांकडून फिटनेस घेतला तर चालेल का?

खणखणीत:
आकडे कुठेत? बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) किती, दमा आहे का, सिगारेट ओढता का? एवढं तरी लिहा.

उंबरठा:
बीएमआय 46. सिगारेट कधीच नाही. एफव्हीसी (एका दमात बाहेर सोडलेली एकूण हवा) अपेक्षेच्या 68 टक्के, एफईव्ही वन (पहिल्या सेकंदात सोडलेली हवा) अपेक्षेच्या 70 टक्के, दोन्हींच्या लिटरमधल्या आकड्यांचं गुणोत्तर 0.84. खाली "रिस्ट्रिक्शन" लिहिलंय. म्हणजे फुप्फुसं आकसलीत का?

सकाळचा फेरफटका:
ताई, ऑपरेशनच कशाला? रोज अनुलोम-विलोम करा, हळूहळू वेळ वाढवा. माझी धाप त्यानंच गेली.

खणखणीत:
तुमचा बीएमआय 46 होता का? त्यांनी निर्णय घेतलाय, तो बदला असं त्यांनी विचारलेलं नाही.

सकाळचा फेरफटका:
अनुभव सांगितला, एवढं अंगावर यायचं कारण नाही.

निळी छत्री:
माझी स्लीव्ह (जठर लहान करायचं वजनाचं ऑपरेशन) झालीय. मलाही असंच थांबवलं होतं आणि मीही चिडले होते. घोरता का? दिवसा बसल्याजागी डोळा लागतो का?

उंबरठा:
घोरते, पण घरात सगळेच घोरतात. सपाट झोपलं की गुदमरतं, म्हणून उशा रचून टेकून झोपते. सकाळी डोकं जड असतं. याचा ऑपरेशनशी काय संबंध?

भूलवाला:
उंबरठाताई, सगळा संबंध इथेच आहे. मी भूल देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गुणोत्तर 0.84 म्हणजे श्वासनळ्या अरुंद झाल्याचं दिसत नाही. पोटावरची आणि छातीवरची चरबी छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला नीट खाली येऊ देत नाही, म्हणून दोन्ही आकडे एकत्र कमी येतात. एवढ्या वजनात हे बऱ्याचदा दिसतं. फुप्फुसाचाच आजार आहे का, हे छातीचा एक्स-रे आणि लागलं तर फुप्फुसांचं एकूण आकारमान मोजून कळतं.

आता टेबलावरचं सांगतो. भूल देऊन उताणं झोपवलं की फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा आणखी घटते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात गॅस भरतात, तो पडदा वर ढकलतो. ऑक्सिजनचा साठा कमी, त्यामुळे पातळी झपाट्यानं उतरते. त्यात स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबणं) असेल आणि कुणाला माहीतच नसेल, तर ऑपरेशननंतरच्या रात्री वेदनाशामकांच्या गुंगीत श्वास अडकू शकतो. मला भीती त्या रात्रीची वाटते. फिटनेसचा कागद दुसरीकडून आणलात तरी ती रात्र टळत नाही.

दोन गोष्टी सांगा. रक्तात बायकार्बोनेट किती? आणि पीएफटीच्या सकाळी दम्याचा पंप (इनहेलर) घेतला होता का?

उंबरठा:
बायकार्ब 29. पंप घेतला होता, लहानपणापासून थोडा दमा आहे. घेऊ नका असं कुणी सांगितलंच नव्हतं.

खणखणीत:
दमा आहे का, हे मी पहिल्यांदाच विचारलं होतं.

भूलवाला:
मग पीएफटी पुन्हा करणं बरोबरच आहे. पंपाचा असर असताना श्वासनळ्यांचं आकुंचन झाकलं जातं. साधा पंप 4 ते 6 तास आधी थांबवतात, लांब असराचा त्याहून जास्त वेळ. पण मनानं बंद करू नका, लॅबला विचारा, आणि धाप वाढली तर पंप घ्याच. ऑपरेशनच्या दिवशी मात्र पंप चुकवायचा नसतो.

बायकार्ब 27 किंवा वर असेल तर दिवसाही कार्बन डायऑक्साइड साठतोय का हे पाहावं लागतं. त्यासाठी मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी करतात. त्यात कार्बन डायऑक्साइड 45 च्या वर निघाला तर आधी झोपेत मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन सुरू करून मगच टेबलावर घेतात.

सकाळचा फेरफटका:
बरं, ते तीन गोळ्यांचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र तरी फुंकायला सांगा.

भूलवाला:
ते जरूर आणा, ऑपरेशनआधीच सराव करा. फक्त त्यात फुंकायचं नसतं, श्वास सावकाश आत ओढायचा आणि गोळ्या वर धरून ठेवायच्या.

उंबरठा:
स्लीप स्टडीची, म्हणजे झोपेच्या तपासणीची वेळ घेतली. एबीजीचं डॉक्टरांना विचारते. तो मास्क लावून झोप लागते का पण? मला तर कोंडल्यासारखंच होईल.

निळी छत्री:
सुरुवातीला मलाही झालं. दिवसा खुर्चीत बसून, काही बघत-वाचत लावायचा, सवय होते. तोंडभर मास्क नको वाटला तर फक्त नाकाचाही मिळतो, बसवून बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि अ‍ॅडमिट व्हाल तेव्हा स्वतःचं मशीन आणि मास्क बरोबर न्या, पहिल्याच रात्री लागतं.