शब्दचर्चा : कवटीतली 'पुरावस्तू'

मामांच्या डोक्याचा सीटी स्कॅन गेल्या आठवड्यात नागपुरात, धंतोलीत काढला. रिपोर्ट इंग्रजीत. मामींना कळावा म्हणून मोबाइलवर भाषांतर करून दिलं, तर निघालं : "कवटीच्या तळाशी पुरावस्तू दिसतात." मामी म्हणाल्या, "मग अजब बंगल्यात ठेवायचं का यांना?" (अजब बंगला म्हणजे नागपूरचं वस्तुसंग्रहालय.)

हसून झालं, पण रिपोर्टातल्या मूळ शब्दाला, 'आर्टिफॅक्ट'ला, म्हणजे शरीरात नसून स्कॅनच्या चित्रात उमटलेल्या खुणेला, मराठीत म्हणायचं काय? कोशात पुरावस्तू, कलाकृती, मानवनिर्मित वस्तू. लॅटिन मुळाचा अर्थ 'कौशल्याने केलेलं', म्हणजे आपोआप न झालेलं. संग्रहालयातलं मडकं आणि स्कॅनमधली रेघ तिथून एका घरात आली. नुसतं 'दोष' चालेल का?

— 'दोष' नको. मी सीटीवर टेक्निशियन आहे. दोष म्हटलं की नातेवाईक विचारतात, पेशंटमध्ये का मशीनमध्ये? बरेचदा दोन्हीत नसतो. तुमच्या रिपोर्टात 'बीम हार्डनिंग' लिहिलं आहे का बघा. क्ष-किरणांत कमी-जास्त ऊर्जेचे किरण मिसळलेले असतात. जाड हाडात कमी ऊर्जेचे आधी जिरतात, चिवट तेवढे पार जातात. कॉम्प्युटरला वाटतं, वाटेत काही विरळ असेल. म्हणून दोन्ही कानांकडच्या टणक हाडांच्या मधोमध, थेट मेंदूवर, काळपट पट्टा उमटतो. 'डाग' तर चुकूनही म्हणू नका. डाग म्हटला की लोकांना टीबीच आठवतो.

आमच्याकडे प्रकारागणिक बोली आहे. पेशंट हलला तर "फोटो हलला भाऊ, पुन्हा घ्या लागते". दातांत धातू असला तर "रेघा मारून राहिला". डिटेक्टरचा, म्हणजे पार आलेले किरण मोजणाऱ्या भागाचा, एखादा तुकडा चुकीचं मोजायला लागला की गोल कडी दिसते, ती "रिंग". तिथं मात्र मशीनच दोषी, कॅलिब्रेशन करा लागते, म्हणजे मोजमाप पुन्हा जुळवा लागते.

— रिंगला 'खळं' म्हणा ना. चंद्राला खळं पडतं ते चंद्रावर कुठं असतं? वरच्या ढगांतल्या बर्फकणांमुळे दिसतं.

— आमच्याकडे खळं म्हणजे आधी धान्य मळायची जागा.

— तेही गोलच की!

'खळं' मला आवडलं, पण ते एकाच प्रकाराला बसतं. सगळ्यांना मिळून कुणी 'आभास' सुचवेल, पण आभास बघणाऱ्याला होतो. हा पट्टा चित्रात खरोखर असतो, मोजला तर हाउन्सफिल्डच्या, म्हणजे सीटीतल्या दाट-विरळपणाच्या, मापात आकडाही देतो (पाणी ०, हवा उणे १०००). चित्रात आहे, शरीरात नाही. म्हणून लिहिताना 'चित्राभास' बरा वाटतो, जरा पुस्तकी असला तरी. मामींना मी "हाडाची सावली" एवढंच सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न : "कवळी काढून फोटो घेतला असता तर?"

— निघणारी कवळी काढायलाच सांगतो आम्ही. पण मामी, ही सावली कवळीची नाही, हाडाची आहे. हाड कुठं काढून ठेवणार?