पगारावर लगाम घातला की फुटबॉल न्याय्य होतं का? सोलापूरकरांनो बोला

चार_माग:
काल रात्री पार्क मैदानाबाहेर चहा पिताना जुंपली आमची, म्हणून इथं टाकायलोय. दोस्त म्हणतो युरोपातल्या फुटबॉलला पण आयपीएलसारखी पर्स लावा, म्हणजे खेळाडूंवर खर्चायला सगळ्या टीमना सारखीच रक्कम. २०२५ च्या लिलावात सगळ्यांना १२० कोटीच होते की नाही, म्हणूनच नवीन आलेली गुजरात २०२२ ला पहिल्याच वर्षी जिंकते, आणि पाच-पाच कप घेतलेली मुंबई २०२४ ला अन् चेन्नई २०२५ ला तळाला जाते. इथपर्यंत मला मान्य आहे. पण युरोपात जी मर्यादा आहे ती सारख्या पर्सची नाहीच! युएफा म्हणजे युरोपातल्या फुटबॉलची संघटना, तिचा नियम म्हणतो की पगार, ट्रान्सफर (दुसऱ्या क्लबकडनं खेळाडू विकत घेणं), एजंट सगळं धरून कमाईच्या ७० टक्क्यांच्या आत खर्च करा. आता रियल माद्रिदची कमाई वर्षाला १०० कोटी युरोच्या वर गेलेली, म्हणजे त्यांना ७० कोटी उधळायला परवानगी, आणि ज्या क्लबची कमाई पाच कोटी त्याला साडेतीन. आमच्या घरी टॉवेलचे चार माग आहेत. उद्या कुणी नियम काढला की ज्याच्या त्याच्या धंद्याच्या हिशोबानंच सूत उचलायचं, तर शंभर मागवाला शंभरवरच राहणार आणि आम्ही जन्मभर चारवर. याला न्याय म्हणायचं का?

पेठेतला_बॅक:
भावा तू फक्त कप कोण जिंकतो तेवढंच बघायलास. क्लब जिवंत राहतो का ते बघ आधी. इंग्लंडमधला 'बरी' नावाचा क्लब, १८८५ चा, तिथला मानाचा एफए कप दोनदा जिंकलेला, पैशाच्या गोंधळात ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधनं काढून टाकला. पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी मॅचला जाणारी माणसं, एका मालकानंतर दुसऱ्या मालकाच्या हिशोबापायी त्यांचा शनिवारच गेला. आणि हे मी लांबचं सांगत नाही, आमच्या मंडळाच्या टीमचं हेच झालं. सेव्हन-अ-साईड (सात-सात जणांच्या) स्पर्धेला एका कार्यकर्त्यानं हौसेनं बाहेरगावचे चार खेळाडू आणले, जाण्या-येण्याचा खर्च, लॉज, वर प्रत्येकाला पाकीट, सगळं उसनवारीवर. सेमीफायनलला हरलो. त्यानंतर जर्सीवाल्याचे साडेअकरा हजार आम्ही सात पोरांनी आठ महिने फेडले, आणि ज्या पोरांना बाहेरच्यांसाठी बेंचवर बसवलं ती परत मैदानावर आलीच नाहीत. टीम संपली. त्या वेळी कुणी खर्चाला लगाम घातला असता तर आज ती पोरं खेळत असती. म्हणून मी मर्यादेच्या बाजूनं आहे आणि राहणार.

गिरणीचा_नातू:
दोघांचं वाचलं. पण पगाराची मर्यादा म्हणजे शेवटी कुणाच्या खिशाला कात्री? खेळाडूच्या. आमचे आजोबा इथं गिरणीत होते, मजुरी किती ते मालक ठरवणार आणि माल किती विकला ते विचारायचं नाही, असं ते सांगायचे. इंग्लंडात हेच होतं, हजारो लोक तिकीट काढून यायचे आणि खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड, तेही सीझन चालू असताना, उन्हाळ्यात १७. जिमी हिल खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता, संपाची तयारी झाली तेव्हा कुठं जानेवारी १९६१ मध्ये ही मर्यादा उठली, आणि लगेच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला १०० पौंड मिळाले. म्हणजे क्लबकडं पैसा होता ना! फक्त देत नव्हते.

रेल्वे_लाईन्स:
पण त्याच काळातले विजेते बघा की राव. १९४९, १९५० पोर्ट्समथ. १९५४, ५८, ५९ वुल्व्हज. १९६० बर्नली. छोट्या छोट्या गावांचे क्लब इंग्लंडचे विजेते व्हायचे, कारण जादा पगाराचं आमिष दाखवून मोठ्या क्लबला खेळाडू पळवता यायचा नाही. आज बर्नली जिंकेल का, सांगा.

चार_माग:
काका तुमची यादी बरोबर आहे पण ती अर्ध्यात थांबली. मर्यादा उठल्यानंतर काय झालं? १९६२ इप्सविच, १९७२ आणि ७५ डर्बी, १९७८ नॉटिंगहॅम फॉरेस्ट. सतरा वर्षं झाली तरी छोटे क्लब जिंकतच होते, म्हणजे सगळं श्रेय पगाराच्या लगामाला देता येत नाही. मला वाटतं खरी गोष्ट वाट्याची आहे. तेव्हा पाहुण्या टीमलाही लीग मॅचच्या तिकिटाच्या पैशातला हिस्सा जायचा. १९८३ ला ते बंद केलं, सगळं गेट यजमानाचं. मग १९९२ ला वरच्या क्लबांनी प्रीमियर लीग वेगळी काढून टीव्हीचा पैसा आपल्याकडं वळवला. तेव्हापासून आजवर जिंकलेले क्लब फक्त सात! त्यातला १९९५ चा ब्लॅकबर्न जॅक वॉकरनं स्वतःचा पोलादाचा पैसा ओतून उभा केला. प्रीमियर लीगचा २०२५-२६ पर्यंतचा नियम, तीन वर्षांत १०५ कोट... नाही, १०५ मिलियन पौंडापेक्षा जास्त तोटा नको, हा त्या काळी त्याच मापात असता तर वॉकरला हात बांधून बसावं लागलं असतं. कमाई वाटा, मग खर्चाला लगाम घाला, मी पहिला टाळ्या वाजवीन. नुसता लगाम म्हणजे जो पुढं आहे त्याच्या मागं दार लावून घेणं.

हिरवा_कोपरा:
मोठ्यांना नियम लागतच नाही असं पण नाही हं. ऑगस्ट २०२१, बार्सिलोना, ला लीगाच्या म्हणजे स्पेनच्या लीगच्या पगारमर्यादेत बसेना म्हणून मेस्सीची नोंदणी झाली नाही आणि तो रडत पॅरिसला गेला. मी त्या रात्री जेवलो नव्हतो.

गिरणीचा_नातू:
हो पण पुढच्याच वर्षी त्याच बार्सिलोनानं ला लीगाच्या टीव्ही पैशातला आपला चौथा हिस्सा २५ वर्षांसाठी विकून नवे खेळाडू घेतले. विकायला एवढं मोठं काही छोट्याकडं असतं का?

रेल्वे_लाईन्स:
वाटून घ्या म्हणायला सोपं आहे. आयपीएलमध्ये खालच्या लीगला जायची भीती नाही, टीम ठरलेल्या, खेळाडूला तेवढ्या पैशाची दुसरी लीग नाही. युरोपात एका देशानं सारखी पर्स लावली की चांगला खेळाडू दुसऱ्या दिवशी शेजारच्या देशात. इंग्लंडच्या तिसऱ्या-चौथ्या लीगनं २०२० ला लावली होती ना, वर्षाला २५ लाख आणि १५ लाख पौंडाची, खेळाडूंची संघटना लवादात गेली आणि फेब्रुवारी २०२१ ला ती गुंडाळली. तरीपण मी म्हणतो काहीतरी कुंपण हवंच. तोट्याचा नियम मोडला म्हणून प्रीमियर लीगमधल्या एव्हर्टन क्लबचे गुण कापले तेव्हा निदान बाकीच्यांना कळलं की हिशोब कुणीतरी तपासतंय.

पेठेतला_बॅक:
हेच म्हणायलोय मी. चार_माग, तुझं वाट्याचं मला पटलं, पण वाटा मिळेपर्यंत क्लब बुडू द्यायचा का?

चार_माग:
नाही बुडू द्यायचा. मग आपल्यापासनं सुरू करू. गड्ड्याची जत्रा उरकली की आपली सेव्हन-अ-साईड आहे. टीममागं बाहेरचे दोनच, हा तुझा लगाम. आणि प्रवेश फीतला अर्धा पैसा पहिल्या फेरीत बाहेर पडलेल्यांना बूट-बॉलसाठी परत, हा माझा वाटा.

पेठेतला_बॅक:
दोन बाहेरचे, एकदम मान्य. अर्धी फी परत दिली तर मैदानाचं भाडं आणि रेफ्रीचे पैसे कुठनं काढायचे ते लिहून आण. रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर. माझी ती बेंचवरची पोरं पण बोलावतो.