रेल्वे स्थानकाचं प्रभावक्षेत्र कसं ठरवायचं? (थिवी, गोवा) सल्ला हवा

अस्नोड्याची
नमस्कार. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भूगोल. प्रकल्पाला 'थिवी रेल्वे स्थानकाचं प्रभावक्षेत्र' घेतलंय, म्हणजे कुठकुठल्या गावांची माणसं या स्थानकावर अवलंबून आहेत तो भाग. वर्गातल्या बहुतेकांनी कंपासने 10 किमीचं वर्तुळ काढून त्यातली गावं मोजलीत. मला ते पटत नाही. माझी मावशी दोडामार्गाला राहते, म्हणजे महाराष्ट्रात, पण मुंबईची गाडी धरायला थिवीलाच येते. हद्द नक्की कशी आखायची? लोकांना काय विचारायचं? महिनाभर हातात आहे.

मांडवीकाठ
वर्तुळ काढू नकोस, एवढं मी नक्की सांगेन. आमचं दिवाडी बेट बघ. कोकण रेल्वे बेटावरूनच जाते, पण बेटावर स्थानक नाही. गाडी डोळ्यांसमोरून निघून जाते आणि आम्ही फेरीबोटीने जुन्या गोव्याला उतरून करमळी स्थानक गाठतो. उलट बाजूला नार्व्याची फेरी आहे, तिने गेलं की डिचोली तालुका. नुसत्या किलोमीटरवरून आम्ही कुठल्या स्थानकाचे, ते कळणार नाही. फेरी किती वाजता सुटते त्यावर सगळं.

निवृत्त_मास्तर
बाळ, मावशीवरूनच सुरुवात कर. चांगला प्रश्न तिथेच आहे.

पहिल्यांदा गणिताने हद्द काढ. रायली यांनी 1931 मध्ये बाजारपेठांसाठी गुरुत्वाकर्षणासारखा नियम मांडला आणि पुढे कॉन्व्हर्स यांनी त्यावरून दोन केंद्रांमधला विभाजनबिंदू, म्हणजे एकाची ओढ संपून दुसऱ्याची सुरू होते ती जागा, काढायचं सूत्र दिलं. मूळ सूत्रात लोकसंख्या धरतात. स्थानकासाठी तू थांबणाऱ्या गाड्या धर, आणि तसं केल्याचं प्रकल्पात स्पष्ट लिही. समजा, दोन स्थानकांमध्ये 21 किमी अंतर आहे, एकात 16 गाड्या थांबतात, दुसऱ्यात 4. 16 भागिले 4 म्हणजे 4, त्याचं वर्गमूळ 2, त्यात 1 मिळवला की 3. 21 भागिले 3, म्हणजे लहान स्थानकापासून 7 किमीवर हद्द. हे आकडे समजण्यापुरते. थिवी–करमळी आणि थिवी–पेडणे यांचे खरे आकडे वेळापत्रकातून तू काढ.

मग फलाटावर जा. गाडीची वाट बघणारा माणूस निवांत असतो, नीट उत्तर देतो. कुठल्या गावाहून आलात, कशाने (कदंब म्हणजे सरकारी बस, खासगी बस, रिक्षा, पायलट म्हणजे भाड्याची मोटारसायकल, स्वतःची गाडी), किती वेळ लागला, किती पैसे गेले, कुठे आणि कशासाठी चाललात. शेवटचा प्रश्न विसरू नकोस: दुसऱ्या स्थानकावर का गेला नाहीत? तुझी मावशी सावंतवाडी रोड स्थानक सोडून थिवीला का येते, हे या एका प्रश्नातून निघेल. कदाचित म्हापशाचा बाजार, कदाचित बस, कदाचित माहेर. साठ-सत्तर माणसं पुरेत, पण सगळी एकाच गाडीची नकोत. कोकणकन्येचे प्रवासी आणि जनशताब्दीचे प्रवासी वेगळे निघतील.

प्रत्येक गावापासून स्थानकापर्यंत रेषा ओढ. जितकी माणसं तितकी जाड. त्याच नकाशावर सूत्राची हद्द घाल. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे नदी, पूल, बस, नातं असं काहीतरी कारण असतं. ते शोधायला त्या गावात जा. शापोरा आणि मांडवी या दोन नद्या आधी ठळक रंगव.

इंग्लंडमध्ये ग्रीन नावाच्या भूगोलज्ञाने 1950 च्या सुमारास बससेवांवरून शहरांची प्रभावक्षेत्रं काढली होती. म्हापसा स्टँडवर बसून थिवीकडे दिवसाला किती बस जातात ते मोज, कामाला येईल.

कुळेकार
मास्तरांच्या यादीत 'कशासाठी' आहे, तो प्रश्न सैल सोडू नका. आमच्या कुळ्याला दूधसागर बघायला लांबलांबचे लोक उतरतात, जीप करतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांची गावं नकाशावर घातली तर कुळ्याचं क्षेत्र बेळगावच्याही पलीकडे जाईल. मोल्याची माणसं मात्र कामासाठी गाडी धरतात, त्यांचं क्षेत्र छोटं आणि रोजचं. थिवीलाही कळंगुट-बागाला जाणारे पर्यटक उतरतात. त्यांचा नकाशा वेगळा काढा. स्थानकाबाहेरचे रिक्षावाले, पायलट, चहावाले कुठल्या गावचे तेही विचारा. स्थानकावर पोट असलेली गावंही त्याच्या प्रभावात येतात.

अस्नोड्याची
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता तीन नकाशे करते: स्थानिक प्रवासी, पर्यटक, आणि स्थानकावर पोट असणारे. मास्तर, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवड्यात गेलं तर चालेल? तेव्हा माणसं खूप भेटतील.

निवृत्त_मास्तर
जा, पण ती माहिती वेगळी ठेव. चवथीला मुंबईचे चाकरमानी येतात, तेव्हा प्रभावक्षेत्र फुगतं. साध्या मंगळवारचे आणि चवथीचे असे दोन नकाशे शेजारी ठेवलेस तर परीक्षकांना आवडेल. आणखी एक, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. गाड्या हळू चालतात, वेळा बदलतात. तुझी मोजणी कुठल्या वेळापत्रकातली ते तारखेसह लिही. मोपा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू आहे, तेव्हा 'पूर्वी रेल्वेने जात होतात का' हेही विचारून घे.

मांडवीकाठ
आणि फलाटावर वही-कॅमेरा घेऊन उभी राहण्याआधी कॉलेजचं पत्र स्टेशन मास्तरांना दे. फलाट तिकीट काढ. सोबत मैत्रीण असू दे, एकीने विचारायचं, दुसरीने लिहायचं.

अस्नोड्याची
पत्राचा अर्ज उद्याच देते. पहिला फॉर्म मावशीकडून भरून घेणार आहे. दिवाडीला फेरीतून यायचं असेल तर कुठल्या वेळी येऊ, मांडवीकाठ?

मांडवीकाठ
सकाळी लवकर ये. कामावर जाणारे सगळे त्याच फेरीत असतात, आणि करमळीला जाणारा हातातल्या बॅगेवरून लगेच ओळखू येतो.