मदत हवी आहे: मिक्स मीडिया पोर्ट्रेटचा रोजचा सराव टिकत नाही

शाईचा_डाग
मंडळी, जरा लवकर मार्गदर्शन करा. रोज एक चेहरा काढायचा असं ठरवून वही घातली आहे. मिक्स मीडियाच करायचंय, म्हणजे एकाच चित्रात दोन-तीन माध्यमं, नुसत्या पेन्सिलीचा कंटाळा आलाय. चार दिवस उत्साहाने होतं आणि मग वही पडून राहते. पुन्हा सुरू करते, पुन्हा तेच. त्यात आता रंगही बसेनासा झालाय. वरचा हात खालच्यावर धरतच नाही, गालावर नुसते थेंब जमतात. यूट्यूब बघून झालंय, कृपया लिंका डकवू नयेत. सराव टिकवायला तुम्ही लोक काय करता?

निवांत_पाटील
कोणता रंग? कशावर? कागद कुठला? समोर माणूस बसवता की फोटोवरून काढता? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं झालं हे.

भुसभुशीत_कोळसा
मिक्स मीडियाचं फॅड सोडा. आधी वर्षभर फक्त चारकोल, म्हणजे चित्रकलेचा कोळसा. विलोची काडी, मळायचा खोडरबर आणि न्यूजप्रिंट, बास. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात, नवशिके ते हमखास वर चढवतात आणि माणसाचं कपाळ गायब होतं. हे हातात बसेपर्यंत रंगाला शिवू नका.

शाईचा_डाग
@कोळसा, डोळे कुठे येतात ते माहीत आहे हो, शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झालीय माझी. (हलके घ्या.)
@पाटील, नेहमीचंच सामान. आधी चारकोलने रेघा, मग पेस्टल, वरून वॉटरकलर. फोटोवरून काढते, रात्री सगळं आवरल्यावर.

गच्चीवरची_मावशी
पेस्टल म्हणजे कोणते? बोटावर घासून बघा. खडूसारखी भुकटी निघते की मेणासारखं चिकटतं?

शाईचा_डाग
मेणासारखं. लेकाच्या खोक्यातले आहेत. त्याने काय फरक पडतो?

गच्चीवरची_मावशी
अगं बाई, सगळा फरक तिथेच पडतो! ते ऑइल पेस्टल. तेल-मेणावर वॉटरकलर थांबणार कसा? थेंबच जमणार. शाळेत मेणबत्तीने नक्षी काढून वर रंग फिरवायचो ना, तोच प्रकार.

क्रम उलटा कर. आधी वॉटरकलरचा पातळ हात, तो पूर्ण वाळू दे, मग चारकोल आणि ऑइल पेस्टल सगळ्यात शेवटी. तेही गालभर फासायचे नाहीत. उजेड पडतो तिथेच: कपाळाचा उंचवटा, नाकाचा शेंडा, खालच्या ओठाचा फुगीर भाग. रेघ आधीच हवी असेल तर वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक आणि टाक वापर. ती शाई फाउंटन पेनमध्ये मात्र भरू नकोस, पेन जाम होतं. आणि चारकोलवर ओला ब्रश फिरवायचा नाही, चिखल होतो.

निवांत_पाटील
मावशी, शेवटच्या वाक्याला आक्षेप. चारकोलवर पाणी फिरवणं हे रीतसर तंत्र आहे. हनुवटीखालच्या सावलीला असा राखाडी वॉश (पातळ हात) मिळतो की ट्यूबमधला काळा त्याच्यापुढे मेलेला वाटतो. सरसकट "नको" कशाला?

गच्चीवरची_मावशी
३०० जीएसएमचा जाड कागद असेल तर खुशाल फिरवा. हिचा कागद कुठला ते हिने अजून सांगितलेलं नाही.

शाईचा_डाग
शाळेची ड्रॉइंग बुक आहे, घरात पडून होती. पण लोकहो, माझा मुख्य प्रश्न सराव टिकत नाही हा आहे. रंगाचं जोडीला विचारलं होतं.

बाकावरचा_प्रवासी
टिकत नाही कारण फोटो! मोबाइलच्या कॅमेऱ्यात जवळून काढलेल्या चेहऱ्याचं नाक मोठं येतं आणि कान मागे पळतात, त्यात जीव कसला येणार? एसटी स्टँडवर जाऊन बसा. लोक गाडीची वाट बघत असतात, कोणी पेंगत असतं, कोणी मोबाइलमध्ये मान घालून. समोरचा उठायच्या आत चेहरा पकडायचा. राजा रविवर्म्याने ती दिवा धरलेली बाई प्रत्यक्ष समोर उभी करूनच काढली होती.

जुना_जेजे
ती रविवर्म्याची नाही. सावळाराम हळदणकरांची आहे, म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये. हळदणकरांनी चाळीसच्या दशकात काढली, रविवर्मा १९०६ सालीच गेले. आणि ती तैलरंगातली नाही, जलरंगातली आहे. जलरंगात तो उजेड! समोर उभी होती ती त्यांचीच मुलगी, गीता.

बाकावरचा_प्रवासी
असेल. पण माणूस समोर होता ना? मग माझा मुद्दा शाबूत.

जुना_जेजे
चित्रकार चुकीचा, मुद्दा शाबूत. छान. आता चित्रकार वासुदेव कामतांना २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचं ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळालं, त्यावरही काही चुकीचं लिहून टाका.

दोन_पोरांची_आई
सगळे जाणकार दिसताय म्हणून इथेच विचारते. मुलगा आठवीत आहे, एलिमेंटरीला बसवू का? दहावीला गुण नंतर इंटरमिजिएटचेच धरतात ना?

निवांत_पाटील
ताई, हो. पण वेगळा धागा काढा, इथे आधीच विषय भरकटलाय.

निशाचर_नागपूर
मूळ प्रश्नाकडे येतो. रात्री आवरल्यावर बसता म्हणालात. आता बघा: ब्रश शोधायचे, पाण्याचे दोन डबे, पॅलेटमधला वाळका रंग भिजवायचा, टेबलावर वर्तमानपत्र. रेघ उमटायच्या आधीच जांभया. आणि एवढा पसारा मांडला म्हणजे चित्र चांगलंच व्हायला हवं, असं मनात बसतं. ते बिघडलं की दुसऱ्या दिवशी कोण बसेल? रंगाचा आणि सरावाचा प्रश्न तुम्ही वेगळा काढताय, मला तो एकच दिसतो.

माझी रीत सांगतो. ओलं काम रविवारी, कोरडं काम बाकीचे दिवस. रविवारी जाड कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापतो आणि सगळ्यांवर नुसता पातळ हात देतो. कुठे यलो ऑकर, कुठे बर्न्ट सिएना, एखाद्यावर निळसर राखाडी. चेहरा वगैरे काही नाही. वर्तमानपत्राचे कपटे चिकटवायचे तर तेही तेव्हाच. मग आठवडाभर पाणी नावाची भानगड नाही. रात्री एक तुकडा उचलायचा, काळी चारकोल पेन्सिल, एक पांढरी, हवा तर एखादा खडू. कागद आधीच मध्यम छटेचा असतो, म्हणून सावली काळ्याने आणि उजेड पांढऱ्याने मारला की गाल-कपाळ आपोआप उभं राहतं. जमेल तेवढं करून ठेवून द्यायचं. अर्धा चेहरा झाला तरी त्या दिवसाचं झालं.

आणि आठवडाभर एकच माणूस. रोज नवा फोटो निवडण्यातच अर्धी रात्र जाते.

भुसभुशीत_कोळसा
म्हणजे शेवटी चारकोलच. मी काय वेगळं सांगत होतो?

बाकावरचा_प्रवासी
आठवडाभर एकच थोबाड? बायकोचं काढलंत तर घरात राहू देतील का?

निशाचर_नागपूर
बायकोचंच काढतो. मंगळवारपासून तीच चुका दाखवते.

शाईचा_डाग
@निशाचर, हे पटलं. ओलं-कोरडं वेगळं करायचं सुचलंच नव्हतं. पण इथे रविवारी दिलेला हात सोमवारीसुद्धा गार लागतो, वाळतच नाही.

गच्चीवरची_मावशी
इथे म्हणजे कुठे?

शाईचा_डाग
चिपळूण.

गच्चीवरची_मावशी
आणि हे आत्ता सांगतेस! आषाढात चिपळुणात काय वाळणार? पापड वाळत नाहीत, कागद कुठून? मी वसईची, मला विचार. दमट हवेत पडून राहिला की कागदाची खळ (रंग लगेच आत शिरू न देणारा लेप) मरते, रंग टीपकागदासारखा आत शोषला जातो आणि डाग पडतात. ती ड्रॉइंग बुक लेकाला देऊन टाक. जाड कागद आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. हात दिलेला कागद पंख्याखाली सुकवून मग उलट्या बाजूने कोमट इस्त्री फिरव, खालीवर जुनं सुती कापड घालून. हे ऑइल पेस्टल लावायच्या आधी हं. नंतर केलंस तर इस्त्रीलाच पोर्ट्रेट चिकटेल.

जुना_जेजे
जाड कागद हवाच असेल तर पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथला हातकागद घ्या. चारकोलला त्याचा खरखरीतपणा फार छान पकडतो.

शाईचा_डाग
पुणं आत्ता होत नाही, गावातच बघते. मावशी, इस्त्रीचं आज रात्रीच करून बघते. एकच शेवटचं: कोरडं काम झाल्यावर हाताला काळं लागतं, समोरच्या पानावर छाप उठतो. फिक्सेटिव्हच (चारकोल पक्का करायचा स्प्रे) घ्यायला हवं का?

भुसभुशीत_कोळसा
कशाला खर्च? हेअरस्प्रे मारा.

गच्चीवरची_मावशी
अजिबात नको, पुढे पिवळा पडतो. फिक्सेटिव्हच घे, लांबून, दोन-तीन हलके हात, खिडकी उघडी ठेवून. चारकोलचं काम झालं की मारायचं आणि ते वाळल्यावर ऑइल पेस्टल. पेस्टलवर मारून काही साधत नाही, ते कधीच पुरते वाळत नाहीत. त्यांच्यावर बटर पेपर ठेव.

भुसभुशीत_कोळसा
माझी हेअरस्प्रे मारलेली चित्रं अजून पांढरीशुभ्र आहेत.

निवांत_पाटील
फोटो टाका.